डावा कोपरा राहिला

बुधवारी सकाळी दवाखान्यातून शेजारच्या हंसाबेनकडे फोन आला. आई घरी होती. मी शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला आला. मी खडू खाली ठेवला आणि निघाले. दुपारी तुला घरी आणलं. संध्याकाळी नेलं.

किशोर, सगळे म्हणतात, लिहून काढ, तू शिकलेली आहेस, लिहिलंस की हलकं वाटेल. हलकं वाटत नाही. तरी लिहिते आहे, कारण तुझ्याशी समोरासमोर बोलायची मला सवय नव्हतीच. ही शेवटची काही वर्षं आपण जे बोललो ते मधे एक टीव्हीचं खोकं ठेवून. तू त्याच्या मागे, मी पुढे. तुझा चेहरा दिसायचा नाही, आवाज यायचा. आताही चेहरा दिसत नाही, एवढंच मनाशी धरलं की दोन वाक्यं सुचतात. मग आवाजही येत नाही हे लक्षात येतं आणि थांबते.

हे सगळं बाबांच्या रातपाळीतून सुरू झालं. सुरतेत पांडेसराच्या त्या एका खोलीत बाबा कापडाच्या लूमवरून सकाळी यायचे आणि दिवसभर झोपायचे. आपण श्वास मोठ्याने घेतला तरी आई डोळे वटारायची. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि बाहेर. मी वाचनालयातलं पुस्तक काखेत मारून निघायचे, तू माझा हात ओढत त्या गेमच्या दुकानात न्यायचास. पत्र्याची शेड, दाराला गोणपाटाचा पडदा, आत दोन मशिनी. मुलींनी तिथे जायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरी मुलगी मी कधी पाहिली नाही. मी तुझ्या मागे खांबाला टेकून उभी राहायची आणि तुझ्या मशीनच्या उजेडात वाचायची. तुझं विमान फुटलं की माझं पान लाल व्हायचं. मग तू मागे न बघता ओरडायचास, "ताई, देख ना!" आणि मी म्हणायचे, "देखते आहे." देखत नसायचे.

प्लेगच्या वेळी सुरत रिकामी झाली तेव्हा दुकानाचा मालकही गावी गेला. आपण धुळ्याला मामाकडे राहून परत आलो, तो आला नाही. शेडमध्ये पुढे चहाची टपरी सुरू झाली. तू तोवर डाइंग मिलच्या लॅबमध्ये कापडाच्या रंगाच्या शेड जुळवायला लागला होतास. मशिनी कुठे गेल्या हे तू टपरीवाल्याला इतक्यांदा विचारलंस की तो तुला लांबून बघूनच हात हलवायचा.

मग एका रविवारी तू कडोद्र्याहून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आलास, तान्हं मूल आणावं तसं. आईने टॉवेल उघडला. आत हिरवी पट्टी, तिच्यावर काळे किडे चिकटावेत तसे पार्ट. हाच त्या विमानांच्या खेळाचा मेंदू, तू म्हणालास. मोडक्या लूमच्या भंगारात पडला होता.

"मेंदू लयना," आई अहिराणीत म्हणाली, "आते डोकं कथाईन लयशी?"

आईने गमतीत विचारलं, पण तुझी पुढची सगळी वर्षं त्या एका प्रश्नात गेली. मेंदू मिळाला, डोकं मिळेना. घरच्या टीव्हीवर तू तो कसाबसा जोडलास तर लाल विमानांच्या कडांमधून रंग बाजूला सांडायचा. "कच्चा रंग आहे," तू म्हणालास. "पहिल्याच धुण्याला साडीचा काठ पदरात उतरतो ना, तसा. टीव्हीत तीनही रंग एका तारेतून येतात, म्हणून मिसळतात. मला तीन तारांचा पडदा पाहिजे." मी म्हटलं, विमान उडतंय, फुटतंय, अजून काय पाहिजे? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझ्यासमोर एखादं पुस्तक उलटं धरलं आहे.

जुने मॉनिटर बघायला तू मला बरोबर न्यायचास. तुला वाटायचं, मास्तरीण सोबत असली की भंगारवाले सरळ बोलतात. ते मुळीच सरळ बोलायचे नाहीत. कडोदरा रोडवरचा तो म्हातारा चाचा मला अजून दिसतो. त्याने एक रंगीत मॉनिटर पुढे सरकवला. तू तो चालू करायलाच सांगितला नाहीस. बाहीने काच पुसलीस आणि मान वाकडी करून बंद काचेकडे कितीतरी वेळ बघत राहिलास.

"भाई, बंद टीवी में क्या दिखता है? चालू करके देख!"

"चालू तो सब अच्छे दिखते हैं, चाचा."

चाचा हसता हसता खोकला. मग तू मला बोलावलंस. बंद काचेवर, ओल्या फरशीवर पावलं उमटावीत तशा फिकट रेघा होत्या. उभ्या, आडव्या, आणि तळाशी इंग्रजीत टोटल. कापड मार्केटमधल्या कुणा दलालाने वर्षानुवर्षं त्यावर बिलंच बनवली होती, तीच काचेत जळून बसली होती. तरीही तू तो घेतलास, कारण तीन तारांचा होता. घरी आणून जोडलास. आपलं विमान जन्मभर टोटलवर बसलेलं. आई पोट धरून हसली. पण तुझं तोंड उतरलं ते वेगळ्याच कारणाने. तो मॉनिटर मोजून आठ रंग ओळखायचा. "आठ रंग!" तू घरभर फिरत होतास. "आठ रंगांत सुरत चालते का? आमच्याकडे नुसता गुलाबीच पन्नास तऱ्हेचा आहे!"

त्या तोंडावरून मी तुला किती चिडवलं. हे आता कुणाला सांगू? आईला सांगितलं तर ती रडते.

शेवटचा पडदा मिळाला तो कुणा मोडलेल्या गेमच्या मशीनमधूनच. लाकूड वाळवीने खाल्लेलं, काच मात्र शाबूत. चालू केला तर रेघा वाकड्या, रंग विस्कटलेले, सगळं चित्र एका बाजूला कललेलं. तू खुर्चीत बसून हसत होतास. "याला वळण लावता येईल," म्हणालास.

तेव्हापासून आपले रविवार ठरून गेले. तू मागचं झाकण काढून पडद्यामागे बसायचास, मी पुढे, पाटावर. पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी. पहिल्या दिवशी तू मला शिकवलंस की यातली एकही रेघ पांढरी नाही. लाल, हिरवी, निळी अशा तीन रेघा एकमेकींवर बरोबर बसल्या तरच पांढरी दिसते. कुठे लाल बाहेर डोकावते, कुठे निळी. मागे पडद्याच्या काचेच्या नळीच्या गळ्यात कड्या असतात, त्या तू केसभर फिरवायचास आणि विचारायचास, "बोल." मी सांगायची. केवढी सरकली हे सांगायला आपल्याला शब्द सापडेना, तेव्हा आई कपडे घड्या करता करता म्हणाली, दोरा म्हणा. लूमवाल्याच्या घरात दुसरं माप कशाला? मग तेच झालं. लाल दोन दोरे वर. निळी एक दोरा आत. जिथे जमलं तिथे तू कडीवर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचास, म्हणजे ती हलायची नाही. मामेबहिणीच्या लग्नासाठी आणलेली बाटली तुझ्या पडद्यालाच लागली.

दोन नियम होते. एक, मी मागे यायचं नाही. बंद केल्यावरही त्या नळीत वीज साठून राहते, तू सांगितलं होतंस. तू स्वतः डावा हात खिशात घालून उजव्या हाताने काम करायचास, म्हणजे वीज लागलीच तर छातीतून जाणार नाही. दुसरा नियम, ‘चालेल’ म्हणायचं नाही. मिलमध्ये सॅम्पल उत्तरेच्या खिडकीत धरून बघताना जो शेडवाला ‘चालेल’ म्हणतो, त्याच्यामुळे ट्रकभर माल परत येतो. "जुळलं म्हण, नाहीतर नाही जुळलं म्हण. मधलं काही नाही."

मी एकदा वैतागले. वह्यांचा ढीग पडला होता. म्हटलं, समोर आरसा लाव ना, सगळे मेकॅनिक तसंच करतात, मी कशाला पाहिजे? मागून आवाज आला, "आरशाशी भांडता येत नाही."

आणि आपण भांडायचो. मी म्हणायची, तू जे चित्र शोधतो आहेस ते त्या शेडमध्ये कधी नव्हतंच. तिथला पडदा मळका होता, रेघा वाकड्या होत्या, आपण लहान होतो म्हणून तो चांगला दिसायचा. तू म्हणायचास, तू पुस्तकात डोकं घातलेलं, तुला काय माहीत? तिथला काळा रंग विहिरीसारखा होता. मी म्हणायची, दाराला गोणपाट होतं म्हणून. तू म्हणायचास, गोणपाटाने काळा होत नाही, ताई, काळा आतून यावा लागतो. हे भांडण कुठेच गेलं नाही. आता त्या पडद्याची साक्ष देणारी मी एकटी उरले आहे, आणि मी तर वाचत होते.

तू ती गोष्टसुद्धा मागूनच सांगितलीस. मार्च असावा, परीक्षा जवळ होत्या. उजव्या बाजूच्या निळ्या रेघेचं काम चाललं होतं.

"बोल."

"एक दोरा बाहेर."

"आता?"

"अर्धा."

"ताई, रिपोर्ट आला."

"कसला?"

"पाय सुजत होते ना, त्याचा. दोन्ही किडन्या. आता बोल."

मी जाळीकडे बघत राहिले. तू पुन्हा म्हणालास, "बोल ना, आता कशी आहे?" मी म्हटलं, "दुहेरी दिसते." तू कडी फिरवलीस. "आता?" "अजून दुहेरी." तू फिरवत राहिलास, मी सांगत राहिले. वर, खाली, सगळीकडे दुहेरी. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तुम्हीन त्या खोकासंगे बोलतस का एकमेकसंगे?" मग तू उठून पुढे आलास. पडद्यावर कितीतरी आठवड्यांचं काम पार विस्कटून गेलं होतं. जुळलेली रेघ तू माझ्या सांगण्यावरून फिरवत नेली होतीस. तू आधी पडद्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. दोरीवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिलास आणि पुन्हा मागे जाऊन बसलास. "डोळे पूस," मागून म्हणालास, "मग सांग."

त्या दिवशी मी तुला काय म्हणायला हवं होतं हे मला आजही सुचत नाही. आपल्या घरात कुणी कुणाला तसं काही म्हणत नाही. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "निळी चार दोरे बाहेर." तू म्हणालास, "अरे बापरे," आणि आपण दोघं हसलो.

त्यानंतर तुला घाई झाली. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात सुया, मशीन, मग घरी येऊन झोप. मिलमधली नोकरी सुटली. रविवारचं काम मात्र तू सोडलं नाहीस. आई म्हणायची, पोराला पडू दे. मीही म्हणायची. तू म्हणालास, "पडद्यावर पहिल्यांदा मी एकटा खेळणार नाही. दोघांचा खेळ आहे तो. दुसरं विमान तुझं." मी म्हटलं, मी जन्मात खेळले नाही. "म्हणूनच. चित्र नीट झालं की खेळशील?" मी म्हटलं, "नीट होऊ दे, मग बघू."

तेवढंच तुला पाहिजे होतं. फार मोठं नव्हतं. एक पडदा सरळ करायचा आणि एकदा ताईबरोबर खेळायचं. त्यासाठी तू सुजलेल्या हाताने कड्या फिरवत होतास. बोटं जाड झाली होती, केसभर फिरवायला गेलास की बोटभर फिरायची. तू शिव्या द्यायचास. मी ऐकलं नाही असं दाखवायची. मधल्या रेघा जुळल्या, वरच्या जुळल्या, उजवी बाजू जुळली. तू मिलमधली लाल चिंधी माझ्याकडे दिलीस, पडद्यावरच्या लाल विमानाशेजारी धरायला. दुपारी खिडकी उघडून मी ती धरली. चिंधी कुठे संपते आणि विमान कुठे सुरू होतं हे कळत नव्हतं. मी म्हटलं, "जुळलं."

शेवटचा रविवार मला पुन्हा पुन्हा लिहावासा वाटतो, लिहिल्याने तो वेगळा होणार असल्यासारखा.

"बोल, ताई."

"खालचा डावा कोपरा. लाल एक दोरा बाहेर."

"बाकी?"

"बाकी सगळं एकावर एक."

तू कोपऱ्यासाठी रबराची पाचर ढकलत होतास. ती सरकत नव्हती. तुझा श्वास मला पुढे ऐकू येत होता.

"आता?"

"एक दोरा."

"आता?"

"तेवढीच आहे, किशोर."

पाचर सोडून तू म्हणालास, "म्हणजे खेळता येईल तसं."

मी म्हटलं, "‘चालेल’ म्हणायचं नाही ना?"

तू हसलास. हसताना धाप लागली. "बरं, मास्तरीणबाई. दवाखान्यातून आलो की करू." झाकण न लावताच तू उठलास, भिंतीला धरून खाटेपर्यंत गेलास.

मी खरं सांगितलं. तूच तसं शिकवलं होतंस. एक दोरा बाहेर होती ती रेघ. खेळताना तिथे कुणाचं लक्षही गेलं नसतं, विमानं तिथवर येतच नाहीत. मी ‘जुळलं’ म्हटलं असतं तर त्या संध्याकाळी आपण खेळलो असतो. मी वाईट खेळले असते, तू ओरडला असतास, आई हसली असती. एवढं झालं असतं. दुसरं काही बदललं नसतं, हे मला माहीत आहे. मला तेवढंच हवं होतं असं आता वाटतं.

तुला ठेवायला जागा करताना लोकांनी पडदा उचलून भिंतीकडे सरकवला. हंसाबेन मधे उभ्या राहून सांगत होत्या, "धीमे, धीमे, छोकराए बहु मेहनत करी छे." पुढे सुतकाच्या दिवसांमध्ये भजनी मंडळ आलं. त्यांनी मोठा स्पीकर पडद्याला खेटून ठेवला. माझं लक्ष नव्हतं. मला ते कळायला हवं होतं, स्पीकरमध्ये चुंबक असतं, त्याने पडद्यावर डाग पडतो, तू कितीदा सांगितलं होतंस. भजनं तुझ्यासाठी होती. कुणाला काय म्हणणार?

सगळे गेल्यावर मी पडदा जागेवर आणला. झाकण लावताना आत बघितलं नाही. चालू केला. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवा डाग पसरला होता, भिंतीला ओल यावी तसा. तुझं सगळं लाल तिथे मातकट झालं होतं. मी पाटावर बसून राहिले. मला वाटलं, आता हेही गेलं.

असे डाग घालवायची तुझी तांब्याच्या तारेची मोठी कडी खाटेखाली होती. ती फिरवणं पुढूनच करायचं असतं, म्हणून ते मी पाहिलेलं होतं. जुन्या मोटारीची तार गुंडाळून तू ती केली होतीस. वीज चालू करायची, काचेसमोर गोल गोल फिरवायची, आणि तशीच फिरवत मागे मागे जायचं. अगदी लांब गेल्यावरच बटण बंद करायचं. जवळ बंद केलं तर डाग कायमचा बसतो. तू दाराबाहेर गॅलरीत जाऊन बंद करायचास आणि हंसाबेन विचारायच्या, पूजा थई गई?

मी ते केलं. विजेने कडी हातात थरथरते हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर रंग पाण्यात सोडल्यासारखे फिरायला लागले. मी एकेक पाऊल मागे गेले, उंबरा ओलांडला, गॅलरीच्या कठड्याला पाठ लागली तेव्हा बटण सोडलं. हंसाबेन त्यांच्या दारात उभ्या होत्या.

आत आले. डाग नव्हता. लाल पुन्हा लाल होतं, चिंधीसारखं. मी जाळी लावली आणि पाटावर बसले. सगळ्या रेघा एकावर एक होत्या. मग खाली डावीकडे बघितलं.

"लाल एक दोरा बाहेर आहे," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कोनले सांगी ऱ्हायनी वं?"

मी पडदा बंद केला.

हंसाबेनच्या जावयाच्या ओळखीचा एक टीव्ही मेकॅनिक आहे. तो म्हणतो, आरसा लावून कोपरा सहज नीट करून देईन. मी नको म्हटलं. दुसरं विमान मी चालवलेलं नाही. ते कसं चालवायचं हे मला माहीत नाही, आणि पहिलं चालवायला कुणी नाही.

पडदा पूर्वेच्या भिंतीला आहे. कड्यांवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत. डाव्या कोपऱ्याच्या पाचरेवर ठिपका नाही. तिथे लाल रेघ एक दोरा बाहेर आहे.